शंभर टक्के वाघदरा

१

निकिता बुधवारी मेली आणि तिच्या खात्यात सातशे रुपये पुढच्या मंगळवारी जमा झाले. सरकारी काम इतक्या झटपट झालेलं एकतीस वर्षांच्या नोकरीत मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

हे सातशे कसले ते आधी सांगते. गरीब घरातल्या बाईनं घरी बाळंत न होता दवाखान्यात यावं म्हणून सरकार तिला पैसे देतं. दवाखान्यात झाली तर सातशे, घरी झाली तर पाचशे. म्हणजे दवाखान्याची किंमत दोनशे रुपयांनी जास्त. बाईला दवाखान्यापर्यंत आणणाऱ्या गावातल्या आशा कार्यकर्तीलाही थोडे मिळतात. योजना वाईट नाही. वाईट काय, ते पुढे येईलच.

मी डॉ. नीलांबरी मुळे. राहते भिंगारला, बसते नगरच्या कार्यालयात. जिल्ह्यात कुठे बाळंतपणात बाई दगावली की ती का दगावली हे शोधून समितीला अहवाल द्यायचा, हे माझं काम. निवृत्तीला तीन महिने उरलेत. तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

निकिताची फाइल चार पानांची होती. वय एकवीस, ऊसतोड कामगार, पहिलं बाळंतपण. खर्ड्याच्या पुढे बारा किलोमीटरवर वाघदरा म्हणून गाव आहे, तिथल्या आरोग्य केंद्रात नऊ एप्रिलला, बुधवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप. सकाळी अकरा वाजता नातेवाइकांनी डॉक्टरांचा सल्ला न मानता स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेलं. दुपारी अतिरक्तस्रावानं घरी मृत्यू. खाली नवऱ्याची सही. अजिनाथ.

निकिताच्या भावानं, हनुमंतनं, अजिनाथविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती. पोलीस आमच्या अहवालासाठी थांबले होते. समितीनं 'नातेवाइकांचा हलगर्जीपणा' एवढे दोन शब्द लिहिले की अजिनाथ आत जाणार होता. पोर पंधरा दिवसांची, आई गेलेली, आणि बापही तुरुंगात.

फाइलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. मला एकच गोष्ट टोचली. डॉक्टर, नर्स, चालक, शिपाई, आशा, अशा पाच जणांचे जबाब होते आणि पाचही जणांना 'पहाटे चार वाजून दहा मिनिटं' तोंडपाठ होती. मला दोन मुलं आहेत. त्यांच्या जन्माची मिनिटं मला विचाराल तर मी वही उघडेन.

२

वाघदऱ्याचं केंद्र छोटं, पण टापटीप. पुढे सिमेंटचा ओटा, त्यावर लिंबाची सावली. डॉक्टर सुहास तिशीचे, अदबशीर. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली. तिच्या मागच्या भिंतीवर 'शंभर टक्के संस्थात्मक प्रसूती' असं प्रमाणपत्र होतं, त्याच्याखाली समारंभाचा मोठा फोटो. डॉक्टर, नर्स, चालक, शिपाई ओळीनं उभे, अंगावर शाली, हातात श्रीफळ. टोकाला मीही होते, चष्मा चमकलेला, तोंड वाकडं. फोटोत मी कधीच बरी दिसत नाही, म्हणून मी तो नीट पाहिलाही नाही.

"मॅडम, आम्ही हात जोडून सांगितलं की चोवीस तास ठेवा," डॉक्टर सुहास म्हणाले. "पण ही माणसं ऐकत नाहीत."

'ही माणसं' म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण मी रजिस्टर मागितलं. नर्स सत्यशीला पन्नाशीची. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिनं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही.

मग अजिनाथला बोलावलं. सव्वीस वर्षांचा, हाडकुळा, हाताला ऊसतोडीचे घट्टे. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिला.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"बायकोला घरी तुम्हीच नेलंत?"

"न्हेली."

"डॉक्टर नको म्हणत असताना?"

त्यानं भिंतीवरून नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं.

"अहो, मी तुमच्या बाजूनं विचारतेय. काय झालं ते सांगा."

"आमच्या बाजूनं?" तो म्हणाला. "तुमाला काय लिवायचं ते लिवा, मॅडम. मी सही देतो."

निर्दोष माणूस असा बोलत नाही, असं मला तेव्हा वाटलं. एकतीस वर्षं माणसं ऐकूनही मला एवढीच अक्कल आली होती.

३

घर गावाबाहेर, पत्र्याचं. दारात अजिनाथचे वडील काकासाहेब खोकत बसले होते. आत भागूबाई, अजिनाथची आई, नातीला वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजत होती. दवाखान्यातून पावडर का नेत नाही असं विचारलं, तर तिनं माझ्याकडे असं बघून मान फिरवली की मी पुन्हा विचारलं नाही.

गावची आशा सविताही तिथेच होती. ती रोज येते, असं कळलं. तिनं बाळाचं अंग पुसलं, लंगोट बदलला आणि मला खाली बसायला पोतं टाकलं. माझ्याशी मात्र एक शब्द बोलली नाही.

अशा घरात मी तारीख विचारत नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात असते, ध्यानात नसते. मी विचारते, पाचवी कधी पुजली. मूल झाल्याच्या पाचव्या दिवशी सटवाई येऊन त्याचं नशीब लिहिते म्हणून पूजा मांडतात, कोरा कागद ठेवतात. घरात काहीही होवो, तो दिवस बाई चुकत नाही.

"पुजली का न्हाई मग?" भागूबाई म्हणाली. "आई मेली म्हनून पोरीचं नशीब कोरं ठिवू का? मारुतीच्या जलमादिवशी पुजली. देवळात घंटा वाजत हुती, आन् हितं मी एकटी पाट्यापुढं हळद-कुकू वाहत हुते."

"सुतकात?"

"सुतक मोठ्यांला. लेकराला कशाचं आलंय?"

ती रडली नाही. आतल्या आत धुमसत होती. अजिनाथ पाण्याचा हंडा घेऊन आत आला तसा तिचा तोल गेला.

"ह्यानंच केलं ह्ये! बाप जिता आस्ताना ह्यानं करदोडा तोडला. हातानं तोडला! बाप मेल्यावर तोडत्यात त्यो. मंग घरात मयत व्हनार न्हाई तर काय व्हईल?"

अजिनाथ हंडा ठेवून बाहेर गेला. दुःखात माणूस कशालाही कारण ठरवतो, म्हणून मी ते बोलणं कानाआड केलं. माझं डोकं वेगळ्याच हिशेबात होतं. हनुमान जयंती शनिवारी, बारा एप्रिलला झाली. पाचवा दिवस बारा, तर पहिला आठ.

रजिस्टरात जन्म नऊ तारखेचा होता.

४

मी तशीच केंद्रात परत गेले आणि सिस्टरपुढे बोटांवर दिवस मोजले. आता ही गडबडणार, असं मला वाटत होतं. ती चक्क हसली.

"मॅडम, पहाटे चार दहाला झालं. सूर्य कुठं उगवला होता? गावाकडं सूर्य उगवेपर्यंत आदला दिवसच धरतात. त्यांच्या लेखी पोरगी मंगळवारचीच. पाचवी शनिवारीच येणार की!"

माझे वडील भिक्षुकी करत. पहाटे जन्मलेल्या माझ्या भावाचा वार ते जन्मभर आदल्या दिवसाचाच सांगत. माझ्याच घरातली रीत मला एका नर्सनं शिकवली होती. कान लाल झाले. "बरोबर आहे," म्हटलं आणि जीपमध्ये येऊन बसले.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गावाची वेस येईपर्यंत मी मनातल्या मनात अहवाल लिहून टाकला. नवरा उद्धट, सही त्याची, साक्षी पाच. अजून काय पाहिजे?

वेशीवर एक म्हातारा कमरेला धोतर खोचत उभा होता. धोतराच्या वर काळा दोरा दिसत होता. करदोडा. पुरुषाच्या कमरेला लहानपणापासून असतो. जीर्ण झाला तर नवा बांधून मग जुना काढतात.

अजिनाथनं तो तोडला होता. हातानं, बाप जिवंत असताना. असं कोणी रागानं करत नाही. त्याला त्या वेळी दोऱ्याची गरज पडली असणार.

"गाडी वळव," मी म्हटलं.

५

"भागूबाई, बाळाची नाळ पडली ती कुठं आहे?"

बेंबीवर राहिलेला नाळेचा तुकडा आठ-दहा दिवसांत सुकून पडतो. जुन्या बाया तो टाकत नाहीत, जपून ठेवतात. भागूबाईनं पत्र्याच्या पेटीतून कुंकवाची रिकामी डबी काढली. आत कापसावर तो सुकलेला तुकडा होता.

आता हे समजून घ्या. दवाखान्यात बाळ झालं की नाळेला प्लास्टिकचा चिमटा लावतात. एकदा लावला की तो उघडत नाही, नाळेबरोबरच गळून पडतो. वाघदऱ्याच्या केंद्रात तसे चिमटे खोकाभर मी सकाळीच पाहिले होते.

डबीतल्या नाळेला चिमटा नव्हता. काळ्या दोऱ्याचे दोन वेढे होते, वर घट्ट गाठ.

चार वाजून दहा मिनिटं, मोत्यासारखं अक्षर, पाच साक्षी, सगळं त्या गाठीपाशी खोटं ठरलं. हे बाळ दवाखान्याच्या आत झालंच नव्हतं.

"अजिनाथ," मी दाराकडे बघून म्हटलं, "हा दोरा तुमच्या कमरेचा आहे."

बोलली ती सविता. बाळाला मांडीवर घट्ट धरून, खाली मान घालून.

"मीच म्हनले त्यांना, दोरा द्या. माझ्याकडं काय बी नव्हतं, मॅडम. मंगळवारी दुपारी तिला कळा आल्या. मी न् अजिनाथभाऊ तिला मोटरसायकलवर मधी बसवून दवाखान्यात आनली. रजिस्टरात घालायचं म्हनून न्हाई, खरंच आनली. पार दारापातुर आनली."

"मग?"

"कुलूप हुतं."

बाहेर काकासाहेबांचा खोकला थांबला.

"वट्ट्यावरच झाली ती. लिंबाखाली. माझी साडी आडवी धरली न् भाऊंनी बाळ झेललं. पहिल्यांदा रगत थांबल्यावानी वाटलं, म्हनून घरी आनली. रातभर मातूर झिरपत ऱ्हायलं. बुधवारी सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या परत न्हेली. सिस्टरनं सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. तवा मीच म्हनले, सिस्टर, दवाखान्यातच झाली आसं लिवा. वाटंत झाली लिवलं तर पाचशे, हितं झाली लिवलं तर सातशे. पोरीच्या खायला दोनशे जास्ती येतील. म्या दर टायमाला तसंच सांगती, मॅडम. ज्या बाया रस्त्यात झाल्या, टेम्पोत झाल्या, त्या समद्या म्या दवाखान्यातच झाल्या म्हनून लिवून घेतल्या. गरिबाला दोनशे जास्ती मिळाले तर कुनाचं काय जातंय, आसं वाटायचं. त्या वक्ताला ती जिती हुती. माझ्याकडं बघून हसली बी."

"आणि अकरा वाजता घरी नेली ती?"

आता अजिनाथ बोलला.

"अकराला न्हेली ती जिती नव्हतीच. धा वाजताच गेली. कोऱ्या कागदावर सही केली तवा बॉडी दिली."

मग मी पुढचा प्रश्न विचारला. मंगळवारी दुपारी, कामाच्या दिवशी, अख्ख्या दवाखान्याला कुलूप लावून सगळे गेले कुठे?

"नगरला गेल्ते," सविता म्हणाली. "गाडी बी घिऊन."

"कशाला?"

सवितानं वर पाहिलं. तिला माझी कीव आली असावी.

६

मंगळवार, आठ एप्रिल.

मी केंद्रात शिरले ती थेट त्या भिंतीपाशी गेले. फोटोतल्या फलकावर तारीख लिहिली होती. दोन हात अंतरावरून वाचता येईल इतकी मोठी. सकाळी मी त्याच फोटोला पाठ लावून बसले होते.

आरोग्य दिनानिमित्त शंभर टक्के संस्थात्मक प्रसूती करणाऱ्या केंद्रांचा सत्कार. वाघदऱ्याचं नाव यादीत पहिलं. ज्या वेळी मी डॉक्टर सुहासांच्या हातात श्रीफळ देत होते, त्याच वेळी त्यांच्या कुलूपबंद दाराबाहेर एक पोरगी सिमेंटवर बाळंत होत होती. आणि शंभर टक्के म्हणजे काय, तर सवितानं दोनशे-दोनशे रुपयांसाठी लिहून घेतलेली रस्त्यातली, टेम्पोतली बाळंतपणं.

डॉक्टर सुहास दारात उभे होते. माझ्याकडे पाहताच त्यांना कळलं.

"एक माणूस तरी ठेवायचा होता," मी म्हटलं. आवाज चढला होता. "एक नर्स! निदान गाडी!"

त्यांनी वाद घातला नाही. कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, आम्ही फोन करून विचारलं होतं. सिस्टरला ठेवू का म्हणून. तुमच्या कार्यालयातून सांगितलं, आदेशात आहे तसंच करा."

'सत्कारार्थी केंद्रांतील सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांनी वाहनासह सकाळी अकरा वाजता उपस्थित राहावे. अनुपस्थितांकडून खुलासा मागविण्यात येईल.' खाली सही. पाहुण्यांपुढे सभागृह रिकामं दिसू नये म्हणून 'सर्व' हा शब्द मीच घातला होता. 'वाहनासह' हाही.

सही माझी होती. अक्षर मात्र सिस्टरसारखं सुबक नाही.

"सिस्टरनं पहाटेची वेळ का लिहिली?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"आम्ही मंगळवारी रात्रीच परतलो. त्याच्या आधीची कुठलीही वेळ लिहिली असती, तर आम्ही कुठे होतो हे विचारलं गेलं असतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि आदेश कोणाचा, तेही."

७

अहवाल मी खरा लिहिला. नोंद खोटी, नवऱ्याचा दोष नाही, मृत्यूचं पहिलं कारण केंद्र बंद असणं, ते बंद असण्याचं कारण आमच्या कार्यालयाचा आदेश, आदेशावर सही नीलांबरी मुळे. टंकलेखकानं दोनदा विचारलं, नाव असंच ठेवू का.

समितीच्या बैठकीत चहा झाला, बिस्किटं झाली. अध्यक्ष मृदू बोलत होते. "मुळेबाई, नवरा निर्दोष आहे हे पटलं. ते राहू द्या. पण सत्काराचा उल्लेख अनावश्यक आहे. तीन महिन्यांवर आलीय तुमची निवृत्ती, उगाच पेन्शन अडकेल. आणि विषय पेटला तर अहवालच परत जाईल, तो पोरगा तसाच लटकेल."

सुधारलेला अहवाल त्यांनी तयारच ठेवला होता. नातेवाइकांचा दोष आढळून येत नाही. कर्मचारी शासकीय कामानिमित्त बाहेर होते, त्यांना समज द्यावी. आशा कार्यकर्तीनं खोटी माहिती देऊन नोंद करून घेतली, सबब तिला कामावरून कमी करावं.

सवितासाठी मी भांडले. अर्धा तास भांडले, आणि हरले. मग सही केली. अजिनाथ सुटावा म्हणून केली, असं मी स्वतःला सांगते. पेन्शनचा विचार मनात आला नव्हता असं मात्र मला सांगता येत नाही. मला माझी लाज वाटते, आणि ती वाटून कोणाचंही काही भलं झालेलं नाही.

अहवालाची प्रत द्यायला मी स्वतः वाघदऱ्याला गेले. टपालानं पाठवता आली असती. अजिनाथ लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालत होता. त्याच्या कमरेला नवा काळा दोरा होता, भागूबाईनं बांधलेला. सविता चुलीपुढे बसली होती. ती आता आशा नाही, पण कळा सुरू झाल्या की गावातल्या बाया अजून तिलाच हाक मारतात.

"तुमच्यावरचा ठपका गेला," मी म्हटलं. "पोलीस आता येणार नाहीत."

"बरं झालं."

"ते सातशे रुपये निकिताच्या खात्यात आहेत. वारसाचा अर्ज करावा लागेल, मी मदत करते."

"ऱ्हाऊ द्या तितंच."

मी निघायला हवं होतं. पण पहिल्या दिवसापासून एक प्रश्न मला कुरतडत होता आणि तो विचारल्याशिवाय माझा पाय निघेना.

"अजिनाथ, दाराला कुलूप होतं हे तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलं? मी तुमच्यासमोर बसले होते. चार चार वेळा विचारलं. तुम्ही तुरुंगात गेला असता!"

त्यानं पोरीचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आवाजात राग नव्हता.

"सांगनार हुतो की, मॅडम. तेवढ्यासाठीच आल्तो. आत आलो, तुमी खुर्चीत बसल्याल्या. तुमच्या मागं त्यो फोटू." तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशीसारखाच. "त्या फोटूत बी तुमीच हुत्या. मग सांगायचं कुनाला?"